शेजारपहारा आणि बीटचा पोलीस: वापरून बघितलेल्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी इथे थांबलं तरी चालेल, पण ज्यांच्या सोसायटीत किंवा गल्लीत आत्ता हे सुरू करायचं घाटतंय त्यांनी पुढचं वाचाच, कारण बहुतेक ठिकाणी सगळा जोर चुकीच्या जागी लागतो, कॅमेरे कुठल्या कंपनीचे घ्यायचे यावर मिटिंगांवर मिटिंगा होतात आणि आपल्या बीटच्या, म्हणजे आपला भाग ज्याच्याकडे सोपवलाय त्या पोलिसाचं नाव काय हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

नक्की काय मिळतं ते सांगते. आजूबाजूची वीस-पंचवीस घरं एकत्र येतात, त्यातलं कोणीतरी समन्वयक होतं, पोलीस ठाण्याकडून त्या भागाचा बीट अंमलदार ठरवून दिलेला असतो, ठरावीक दिवशी बैठक होते, मधल्या काळात फोनवर ग्रुप चालतो, आणि कोणी म्हटलं तर पोलीस घरी येऊन दारं, खिडक्या, कुलपं बघून कच्चं कुठे आहे ते सांगतात. बस, एवढंच. पैसे फारसे लागत नाहीत, वेळ लागतो, आणि तो दोन्हीकडून लागतो, म्हणजे या दुकानात आपण गिऱ्हाईकही आहोत आणि अर्धे दुकानदारही, त्यामुळे माल खराब निघाला तर तक्रार करताना आपला अर्धा वाटा कसा होता तेही बघावं लागतं.

ही कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पीलने पगारी पोलीस दल उभं केलं, आणि "पोलीस म्हणजेच जनता आणि जनता म्हणजेच पोलीस" हे वाक्य तेव्हापासून त्याच्या नावावर सांगितलं जातं, वाक्य कोणाचंही असो, मुद्दा पक्का आहे. शेजाऱ्यांचे रीतसर गट बरेच नंतर आले. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा रात्री घराजवळ खून झाला आणि ३८ जणांनी बघितलं पण कोणीही पोलिसांना फोन केला नाही अशी बातमी आली. पुढे शोध घेतल्यावर कळलं की तो आकडा फुगवलेला होता, एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला हटकलंही होतं, पण लोकांच्या मनाला जी टोचणी लागली ती लागलीच. हे सांगताना एक गोष्ट नेहमी सुटते, त्या काळी तिथे तातडीसाठी देशभर एकच असा नंबरच नव्हता, ९११ वरचा पहिला कॉल लागला तो १९६८ मध्ये, अलाबामातल्या हेलीव्हिल गावात. लोकांनी हाक मारावी असं वाटत असेल तर हाक कोणाला आणि कशी मारायची हे आधी सोपं करायला लागतं. मग १९७२ मध्ये अमेरिकेत शेरीफ, म्हणजे तिथल्या काउंट्यांचे पोलीसप्रमुख, यांच्या राष्ट्रीय संघटनेने देशभरासाठी शेजारपहाऱ्याचा कार्यक्रम काढला, आणि १९८२ मध्ये ब्रिटनमधला पहिला गट चेशरच्या मॉलिंग्टन गावात झाला.

आता उपयोग होतो का? होतो. २००८ मध्ये ट्रेव्हर बेनेट, केटी हॉलोवे आणि डेव्हिड फॅरिंग्टन या अभ्यासकांनी तोपर्यंतचे सगळे धड अभ्यास एकत्र करून बघितले तर असे गट असलेल्या भागांत गुन्हे साधारण १६ ते २६ टक्के कमी झालेले दिसले. हा आकडा चांगला आहे, पण सरासरी आहे, म्हणजे काही ठिकाणी खूप फरक पडला आणि काही ठिकाणी काहीच नाही, आणि मला जे सांगायचंय ते या फरकाबद्दल आहे. माझं ठाम मत असं की जिथे माहिती दोन्ही बाजूंनी वाहते तिथे ही सर्व्हिस चालते, जिथे ती एकाच बाजूने जाते तिथे गेटवर पाटी लागते आणि वर्षभरात सगळं थंड पडतं.

बीटच्या पोलिसापासून सुरुवात करते कारण सगळ्यात मोठा फायदा तिथे आहे. आपल्याला वाटतं गाडी फिरत राहिली की चोर येत नाहीत. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये हे चक्क तपासून बघितलं, १५ बीट घेतले, काहींमधली नेहमीची गाडीची गस्त बंद केली आणि बोलावलं तरच जायचं ठरवलं, काहींमध्ये दुप्पट-तिप्पट केली, काही होते तसेच ठेवले, आणि ना गुन्ह्यांमध्ये फरक पडला ना लोकांच्या भीतीमध्ये, बहुतेकांना तर गस्त वाढली की कमी झाली हे लक्षातही आलं नाही. म्हणून जेव्हा मिटिंगमध्ये कोणी काका उठून म्हणतात की साहेब गाडी वाढवा, तेव्हा मी हात वर करून म्हणते की गाडी राहू द्या, माणूस द्या, पायी फिरणारा द्या, आणि तोच तोच द्या.

पायी गस्तीचंही सरसकट खरं नाही बरं का. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात सत्तरच्या दशकाच्या शेवटी पायी गस्तीचा प्रयोग झाला, त्यात गुन्हे कमी झाले नाहीत, पण लोकांना जास्त सुरक्षित वाटायला लागलं आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. फिलाडेल्फियात २००९ मध्ये मात्र सगळ्यात जास्त हिंसा होणारे कोपरे शोधून ६० ठिकाणी पायी पोलीस ठेवले तर तिथे हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी उतरले, आणि पुढे प्रयोग थांबल्यावर तो फायदा टिकला नाही. म्हणजे पोलीस नुसता चालून उपयोग नाही, कुठे चालतोय हे महत्त्वाचं, आणि कुठे चालायचं हे ठरवायला तिथे राहणाऱ्या माणसांची माहिती लागते. अंधारात कुठे टोळकं बसतं, कुठल्या बोळातून मागच्या बाजूला उतरता येतं, कुठल्या बंद घराची कडी महिनाभर लोंबतेय, हे ठाण्यातल्या नकाशात कुठून येणार?

जपानमध्ये कोबान म्हणून छोट्या पोलीस चौक्या असतात, देशभरात सुमारे सहा हजार आहेत, आणि तिथले पोलीस अधूनमधून घरोघर जाऊन ओळख करून घेतात, कोण राहतं, म्हातारं एकटं कोण आहे, काही अडचण आहे का, असं विचारून येतात. गुन्हा घडल्यावर पोलिसाला पहिल्यांदा बघणं आणि आधीपासून ओळखत असणं यात फार अंतर आहे. आमच्या गटाच्या सुरुवातीच्या बैठकीला बाया मागच्या रांगेत गप्प बसायच्या, मग बीटच्या अंमलदार बाई एकदा वर्दीतच पण नुसत्या गप्पा मारायला आल्या, बाकावर बसून म्हाताऱ्यांशी बोलल्या, त्यानंतर ज्या गोष्टी बाहेर आल्या त्या तक्रार म्हणून कधीच कोणी ठाण्यात नेल्या नसत्या, दुचाकीवरून मागे मागे येणारा पोरगा, जिन्याखाली ठेवलेल्या अनोळखी पिशव्या, एका आजींना रोज येणारे बँकेच्या नावाचे खोटे फोन.

इथे एक मोठा वजा मुद्दा आहे. बदली झाली की सगळं परत शून्यावर येतं. नवा माणूस येतो, त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं, आधीच्याची वही त्याच्याबरोबर गेलेली असते. यावर उपाय एकच, जाणाऱ्याने येणाऱ्याला घेऊन एकदा गल्लीतून चक्कर मारायची आणि समन्वयकाची ओळख करून द्यायची, आणि हे आपण मागायचं, लेखी अर्ज देऊन मागायचं. जिथे ठाण्याचा प्रमुख समजूतदार असतो तिथे हे होतं, मी होताना बघितलंय.

बैठकीचं सांगते. शिकागोत १९९३ पासून पाच भागांत सुरू करून मग शहरभर बीटच्या बैठका घेतल्या जायच्या, पोलीस आणि तिथले रहिवासी एकत्र बसून त्या बीटचे प्रश्न ठरवायचे. या कार्यक्रमाचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. चांगली बाजू दिसलीच, पण हेही दिसलं की बैठकीला येणारे बहुतेक स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे, वयाने मोठे, आधीपासून दुसऱ्या कमिट्यांवर असलेले, आणि स्पॅनिश बोलणारे स्थलांतरित फार कमी यायचे. हे वाचल्यावर मी आमच्या हजेरीच्या कागदाकडे बघितलं तर तेच. भाडेकरू नाहीत, रात्रपाळी करणारे नाहीत, घरकामाला येणाऱ्या मावश्या नाहीत, वॉचमन दाराशी उभा पण त्याला खुर्ची नाही, आणि तरुण पोरं तर नाहीतच, उलट त्यांच्याबद्दलच चर्चा चाललेली. आता जरा विचार करा, दिवसभर गल्लीत डोळे उघडे ठेवून असतं कोण? कामाला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, वॉचमन आणि कट्ट्यावर बसणारी पोरं. ज्यांना सगळं दिसतं त्यांनाच बाहेर ठेवून आपण सुरक्षेच्या मिटिंगा घेतो. त्यांना बोलवा, आणि वेळ त्यांना जमेल ती ठेवा. आमच्याकडे हे सुरू केल्यावर पहिल्याच वेळी वॉचमनने सांगितलं की मागच्या भिंतीला लागून टाकलेल्या बांधकामाच्या फळ्यांवरून कोणीही पहिल्या मजल्याच्या गॅलरीत चढू शकतं, आणि ते आम्ही सगळे रोज बघत होतो.

ज्या समाजात एकमेकांबद्दल संशय आहे तिथे तर हे आणखी महत्त्वाचं. भिवंडीचं उदाहरण मला सगळ्यात मोठं वाटतं. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झालेल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमान दोन्ही घेतले, नेहमीच्या पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं घेतली, आणि ठाण्यातले पोलीस त्यांच्यात जाऊन नियमित बसायचे, भांडण छोटं असतानाच मिटवायचे. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे बैठकांचं फळ आहे, कंटाळवाण्या, दर वेळी त्याच पाण्याच्या आणि पार्किंगच्या तक्रारी ऐकायच्या बैठकांचं. त्या वर्षांत जमलेली ओळख त्या रात्रींना कामाला आली.

आता फोनवरचा ग्रुप. एक स्टार मी कापला तो याच्यामुळे. कोणीतरी गेटवरच्या कॅमेऱ्यातला धूसर फोटो टाकतं, खाली "संशयित फिरतोय, सावध राहा", मग पंधरा मेसेज, मग तो फोटो दुसऱ्या ग्रुपवर, संध्याकाळपर्यंत तो माणूस मुलं पळवणारा झालेला असतो, आणि तो निघतो मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला. यात हसण्यासारखं काही नाही, अशा अफवांमधून माणसं जमावाच्या हातून मेलेली आहेत. फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये २६ फेब्रुवारी २०१२ ला ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र मुलगा दुकानातून परत येत होता, शेजारपहाऱ्याच्या समन्वयकाला, जॉर्ज झिमरमनला, तो संशयास्पद वाटला, त्याने पोलिसांना फोन केला, फोनवरच्या माणसाने पाठलाग करायची गरज नाही असं सांगितलं, तरी तो मागे गेला, झटापट झाली आणि त्याने मुलाला गोळी घातली. पुढे कोर्टात तो निर्दोष सुटला, पण मुलगा गेला तो गेला. ज्या कोणाला गटात रात्रीची काठी घेऊन गस्त घालायचा उत्साह आहे त्याने ही घटना नीट वाचावी. आपलं काम बघणं, लक्षात ठेवणं, कळवणं. अडवणं, पकडणं, मागे जाणं हे आपलं काम नाही, त्याचं ट्रेनिंग आपल्याला नाही आणि अधिकारही नाही.

म्हणून ग्रुपसाठी आम्ही जे ठरवलं ते सांगते, वापरायचं तर वापरा. माणसाचं वर्णन लिहायच्या आधी तो काय करतोय ते लिहायचं. "काळा शर्ट, बाहेरचा वाटतो" हा मेसेज अॅडमिन काढून टाकतो. "एक जण ओळीने तीन घरांच्या दारांच्या कड्या हलवून बघतोय, आत्ता, मागच्या गेटजवळ" हा मेसेज राहतो, आणि तोसुद्धा आधी पोलिसांच्या तातडीच्या नंबरवर फोन करून मगच टाकायचा, कारण ग्रुपवर टाकला की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्या कोणीतरी फोन केला असेल. कोणाचाही चेहरा ग्रुपवर टाकायचा नाही, रेकॉर्डिंग असेल तर ते थेट अंमलदाराला द्यायचं. शुभ सकाळ नाही, राजकारण नाही. हे नियम कडक वाटतात, पण नियम लागल्यावर मेसेज कमी झाले आणि जे येतात ते लोक वाचतात.

फोन करताना काय सांगायचं हे बैठकीत एकदा प्रॅक्टिस करून घ्या, खरंच सांगते. घाबरलेला माणूस आधी सगळी कहाणी सांगतो आणि पत्ता शेवटी. आधी जागा, ओळखीच्या खुणेसकट, मग काय चाललंय, किती जण, हत्यार दिसलं का, कुठल्या दिशेने गेले, गाडीचा नंबर जेवढा दिसला तेवढा, अर्धा असला तरी. आणि काय तातडीचं आणि काय नाही हा फरक सगळ्यांना कळलेला असला पाहिजे, आत्ता घडतंय किंवा जिवाला धोका आहे तर तातडीचा नंबर, कालपासून बेवारस उभी असलेली गाडी असेल तर अंमलदाराचा फोन किंवा पुढची बैठक.

या सगळ्या सर्व्हिसमधला मला सगळ्यात आवडलेला भाग फार कमी लोकांना माहीत आहे. ज्या घरी चोरी होऊन गेलीय त्या घरी परत व्हायची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि तीही लवकर, कारण चोराने आतली रचना बघितलेली असते, सटकायची वाट माहीत असते, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या आल्या असतील हेही त्याला कळतं. आजूबाजूच्या तीन-चारशे मीटरमधल्या घरांनाही पुढचा महिना-दोन महिने जास्त धोका असतो, हेही अभ्यासात दिसलंय. इंग्लंडात रॉचडेल भागातल्या कर्कहोल्ट वस्तीत १९८६ मध्ये याच गोष्टीवर सगळं लक्ष दिलं. आख्ख्या वस्तीवर पहारा ठेवण्यापेक्षा ज्या घरी चोरी झाली त्याच्या भोवतीची सहा-सात घरं घेतली, त्यांना सांगितलं की या घराकडे लक्ष ठेवा, त्या घराची कुलपं-खिडक्या लगेच पक्क्या करून दिल्या, आणि चोरांना आवडायचे ते नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढून टाकले. पाच महिन्यांत घरफोड्या आधीच्या ४० टक्क्यांवर आल्या. एवढा फरक मी दुसऱ्या कुठल्या उपायाचा वाचलेला नाही.

आणि हे करायला सोपं आहे हो. चोरी झाली की त्या घराला आपल्याकडे काय मिळतं? पंचनामा, एफआयआर, आणि मग बघ्यांची गर्दी, त्यानंतर सामसूम. त्याऐवजी त्याच संध्याकाळी डावी-उजवीकडची, समोरची आणि मागची घरं एकत्र बोलवायची, ज्या रस्त्याने चोर आला तो रस्ता अंमलदाराबरोबर चालून बघायचा, फुटलेली कडी त्याच दिवशी बदलायला लावायची, आणि पुढचे सहा आठवडे त्या घरचे बाहेर जाताना शेजारी सांगून जातील एवढं ठरवायचं. चोरी झालेल्या घरच्या माणसांना त्या रात्री झोप लागत नाही, आपल्या कपाटात कोणा परक्याने हात घातला याची किळस बरेच दिवस जात नाही, अशा वेळी समोरच्या घरातला दिवा मुद्दाम चालू ठेवलेला दिसला तर किती धीर येतो हे त्यांनाच विचारा. यासाठी पोलिसांकडून एकच गोष्ट लागते, चोरी झाली हे गटाला लगेच कळवणं, नाव जाहीर न करता, त्या घरच्यांना विचारून. दोन्ही बाजूंनी माहिती म्हणते ती हीच. काही ठिकाणी ठाणं हे कळवतच नाही, बदनामी होईल म्हणून, आणि मग शेजाऱ्यांना कळतं तेव्हा दुसरं घर फुटलेलं असतं.

दिवे आणि कॅमेरे यावर थोडक्यात. दिवे आधी. ब्रॅंडन वेल्श आणि फॅरिंग्टन यांनी २००८ मध्ये रस्त्यावरच्या दिव्यांचे अभ्यास एकत्र केले तर गुन्हे सुमारे २१ टक्के घटलेले निघाले, आणि गंमत म्हणजे दिवसाचेही घटले, म्हणजे नुसत्या उजेडाने नाही तर आपल्या भागाकडे कोणीतरी लक्ष देतंय या जाणिवेनेही फरक पडतो. बंद पडलेल्या दिव्याच्या खांबाचा नंबर लिहून पालिकेत तक्रार देणं हे गटाचं सगळ्यात स्वस्त काम आहे. कॅमेऱ्यांचं असं की चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये आला, त्यात सरासरी १३ टक्के घट दिसली, सगळ्यात जास्त उपयोग गाड्यांच्या पार्किंगमध्ये, हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम नाही, आणि कोणीतरी प्रत्यक्ष बघत असेल तर जास्त उपयोग. तेव्हा कॅमेरा घ्या पण तो शेजारच्या खिडकीत वळवू नका, रेकॉर्डिंग कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार हे लिहून ठेवा, तारीख-वेळ बरोबर लावा, नाहीतर पुरावा म्हणून द्यायच्या वेळी नको ते प्रश्न येतात.

एक कोपरा मात्र या सर्व्हिसमधून कायम सुटतो आणि त्याबद्दल मला फार वाटतं. सगळे डोळे रस्त्यावर, आणि मार खाणारी बाई भिंतीच्या आत. बाहेरून येणाऱ्या चोराबद्दल तासभर बोलणारी मिटिंग शेजारच्या घरातल्या किंचाळण्याबद्दल "त्यांचं घरगुती आहे" म्हणून गप्प बसते. २००८ मध्ये ब्रेकथ्रू या संस्थेने "बेल बजाओ" मोहीम काढली होती, आवाज आला तर जाऊन फक्त बेल वाजवा, साखर मागा, वेळ विचारा, मारणाऱ्याला कळू दे की बाहेर कोणाला ऐकू जातंय. स्वतःला धोका वाटत असेल तर जाऊ नका, पोलिसांना फोन करा, आणि नंतर ती बाई एकटी भेटेल तेव्हा तिलाच विचारा की तुला कशी मदत हवीय, तिच्या परस्पर काही ठरवू नका. आमच्या अंमलदार बाईंनी हा विषय बैठकीत स्वतःहून काढला तेव्हा आधी शांतता पसरली, मग एक काकू बोलल्या, मग दुसऱ्या.

ज्यांना नाव द्यायची भीती वाटते त्यांच्यासाठी नाव न सांगता माहिती द्यायची सोय असायला हवी. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात क्राइम स्टॉपर्सची सुरुवात झाली ती याच विचाराने, नाव विचारायचं नाही, माहिती उपयोगी पडली तर बक्षीस. आपल्या भागातला दारूचा अड्डा कोणाचा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, सांगणाऱ्याला त्याच गल्लीत राहायचं असतं. ठाण्यातून त्याचं नाव फुटलं तर पुढची दहा वर्षं कोणी तोंड उघडत नाही.

सुरू करणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे तीन महिन्यांनी कमिटीत भांडणं होणार नाहीत. गट सुरू झाला की सुरुवातीला गुन्ह्यांचा आकडा वाढलेला दिसतो. गुन्हे वाढलेले नसतात, तक्रारी वाढलेल्या असतात, आधी सायकल गेली तर कोणी ठाण्यात जायचं नाही, आता जातात. पण काही अधिकाऱ्यांना हा वाढलेला आकडा नको असतो, मग तक्रार घ्यायची टाळाटाळ, साध्या अर्जावर बोळवण, "सापडली तर कळवतो". गटाने इथे ठाम राहायला हवं, दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास सुरू करू शकतात असा, असेल तर एफआयआरचाच आग्रह धरायचा आणि तिची प्रत घ्यायची, आणि त्याच वेळी वरिष्ठांना बैठकीत स्पष्ट सांगायचं की वाढलेल्या आकड्यासाठी आम्ही तुमच्या अंमलदाराला दोष देणार नाही. हे दुसरं वाक्य बोलून दाखवलं तेव्हा अंमलदार बाईंचा चेहराच बदलला, आणि त्यानंतर नोंदी नीट व्हायला लागल्या. गटाचं यश मोजायचं तर त्याच घरी परत चोरी झाली का, संध्याकाळी पोरी एकट्या क्लासवरून येतात का, बैठकीला नवे चेहरे दिसतात का, हे बघा.

राहिला प्रश्न समन्वयकाचा, कारण बहुतेक गट तिथेच बंद पडतात. एकच उत्साही माणूस सगळं ओढतो, त्याला रात्री-बेरात्री फोन, कोणाचं भांडण, कोणाची पार्किंग, तो दमतो, सोडतो, आणि ग्रुपवर फक्त वाढदिवस उरतात. सुरुवातीलाच दोन जण ठेवा, एक बाई एक पुरुष असले तर उत्तम, वर्षाने एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने राहायचं म्हणजे ओळख तुटत नाही, आणि एक साधी वही करा ज्यात अंमलदाराचं नाव, ठाण्याचे नंबर, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं, कुलूप दुरुस्त करणाऱ्याचा फोन, मागच्या बैठकीत पोलिसांनी काय करतो म्हटलं आणि आपण काय करतो म्हटलं हे तारखेसकट लिहिलेलं असेल. पुढची बैठक त्या पानावरूनच सुरू करा, आधी त्यांचं झालं की नाही, मग आपलं.